पाच काळे दगड आणि मागे गेलेला समुद्र

एका राज्यात एक बंदर होतं, आणि तिथे राजापेक्षा सभा थोर मानली जाई. सभेत पाच वडीलधारे बसत. राजाची आज्ञा अन्यायाची वाटली, तर पाचांपैकी कोणीही आपला काळा दगड राजापुढे ठेवी, आणि आज्ञा तिथेच थांबे. म्हणून त्या दिवसांत लोक बिनघोर पैसा घालत. दहा वर्षांनी पाण्यात उतरेल असं गलबत आज बांधायला घेत. किनाऱ्यावर दिवसभर लाकूड तासल्याचे आवाज येत, आणि सागवानाचा वास घराघरांत असे.

मग नवा राजा आला. त्याने पाचही दगड विहिरीत टाकले आणि मंत्र घालून पाचांचे बगळे केले. वर बेलभंडार उचलून शपथ घेतली, "कोणाच्या वस्तूला हात लावणार नाही. बांधा गलबतं."

शहाण्यांनी सोनं जमिनीत पुरलं. गोंदजी सुताराने शपथेवर विश्वास ठेवला. घरदार विकून, नऊ वर्षं राबून त्याने गलबत पुरं केलं. राजा आला आणि म्हणाला, "हे माझं."

त्याच घटकेला समुद्र तीन कोस मागे गेला. गोंदजी कोरड्या वाळूत गलबताला टेकून बसला, तो उठलाच नाही.

चिता विझायच्या आत त्याचा धाकटा भाऊ भिवा मांत्रिक म्हातारीकडे धावला.

"समुद्र परत आण, आजी. दादाचं गलबत तरंगलं पाहिजे."

"माझ्या मंत्राला तो येत नाही. दगड आण, बगळे आण, आणि राजाला नकार ऐकायला लाव. तिसरं कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही."

भिवा विहिरीत उतरला, तर दगडांवर नाग बसलेला. नागाने विचारलं, "दगडांच्या बदल्यात काय देशील?"

"सावली घे," भिवा म्हणाला. विचार केलाच नाही. नागाने सावली घेतली.

भिवा दगड घेऊन गेला, तेव्हा बगळे खाजणातल्या सुकलेल्या चिखलात उभे होते. थोरला म्हणाला, "राजा पुन्हा उडवून लावील."

"मग मी पुन्हा बोलवायला येईन."

"ह्याला अक्कल नाही," दुसरा म्हणाला. "चला."

दगडाला चोच लागताच पाचांची माणसं झाली. सभा भरली. राजा म्हणाला, "गलबत माझं आहे." पाच दगड त्याच्यापुढे आले. त्याचा हात तलवारीवर गेला.

भिवा पुढे झाला. "कापा, महाराज. मग उद्या 'बांधा' म्हणून कोणाला सांगाल? तुमच्या राज्यात आता कोणी आंब्याची कोय लावत नाही. मेथी तेवढी पेरतात."

राजाने बाहेर पाहिलं. बंदरात वाळू उडत होती. बऱ्याच वेळाने त्याने तलवारीवरचा हात काढला.

"सभेचं म्हणणं चालेल."

समुद्र परतला. पुरलेलं सोनं वर निघालं, किनाऱ्यावर पुन्हा लाकडं येऊन पडली. गोंदजीचं गलबत हललं, सरळ झालं, तरंगलं. भिवा सुकाणूवर बसला.

"थोडं डावीकडे कलतंय, दादा," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहत राहिला.