कडीचा सुगंध

भाविकहो, इझिदोरबाबा त्या काळी वसईच्या किनाऱ्याकडच्या तामणपाड्यात राहत होते. होते धर्मगुरू, पण चर्चमागच्या वाफ्यात स्वतः कुदळ चालवीत, म्हणून गाव त्यांना बाबाच म्हणे. एका उपवासकाळात बाबांनी बायकांना पवित्र शास्त्रातले वधूवरांच्या प्रीतीचे गीत उलगडून सांगितले. बाबा म्हणाले, "बायांनो, नवरी जशी वराची वाट पाहते, तशी देवाची वाट पाहा. त्याला तेच आवडतं."

झाले! पानमळ्यातल्या रेमेदीनने ते काळजात धरले. रहाटाचा बैल हाकताना ती गाऊ लागली, "सख्या, माझ्या दारी ये रे." पहाटे चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना लग्नातले लाल लुगडे नेसू लागली, केसांत अबोली माळू लागली.

तिचा नवरा बस्त्याव. त्याचा मळा गावात पहिल्या नंबरचा, आणि ताठाही तसाच. तो आतून जळू लागला. गैरसमज झाला म्हणावे, तर तेही नाही हो! ती कोणासाठी गाते हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि तेच त्याला खुपत होते. माणूस असता तर त्याच्या अंगावर धावून गेला असता. देवाशी भांडायचे कुठे?

"माझ्यासाठी कधी माळलीस अबोली?" तो एकदा कडाडला.

"तुम्ही कधी वर मान करून पाहिलंत?" रेमेदीन हळूच म्हणाली.

ते वर्मी लागले. मग तो चारचौघांत टवाळी करू लागला, "बाबांनी माझ्या बायकोचं दुसरं लग्न लावलंय!" लोक फिदीफिदी हसत. रेमेदीन खाली मान घालून निघून जाई.

इस्टरच्या आदल्या संध्याकाळी त्याने बजावले, "उद्या चर्चला गेलीस तर तिथूनच माहेरी जा. परत या घरात पाऊल ठेवायचं नाही."

पहाटे घंटा झाली. तरीही ती जाईल या धास्तीने बस्त्याव दाराला अडसर लावून समोरच बसला होता. बिचारी रेमेदीन लाल लुगडे नेसून, अबोली माळून कोपऱ्यात बसली आणि रडत रडत तेच गाणे गुणगुणू लागली. तोच दारावर थाप पडली. मग पुन्हा एकदा.

"आला वाटतं तुझा सखा!" बस्त्यावने कोयता उचलला, अडसर फेकला, कडी खेचून दार उघडले. बाहेर कोणी नव्हते. ओल्या अंगणात पाऊलही उमटले नव्हते. मात्र कडीला कसलासा सुगंध होता, मोगऱ्याचा नव्हे, चाफ्याचाही नव्हे. तो त्याच्या तळव्यांना लागला. त्याने राखेने हात घासले, तरी जाईना. रेमेदीनचे हात हुंगून पाहिले, तर तिथे काहीच नाही!

तो कोयता घेऊन तसाच तणतणत चर्चमध्ये गेला. मागोमाग रेमेदीनही धावली. मिस्सा नुकतीच संपली होती. "बाबा, तुमच्या देवाला सांगा, माझ्या दारात यायचं नाही! कडीचा हा वास हातांवरून जातच नाही!"

बाबांनी त्याचे हात हुंगले आणि त्यांचे डोळे भरून आले. "रेमेदीनच्या हातांना आहे हा वास?"

"नाही."

"मग दार कोणी उघडलं?"

"मी."

बाबा म्हणाले, "त्या गीतात वरासाठी दार उघडणाऱ्या नवरीच्याच हातांना कडीचा सुगंध लागतो. वेड्या, देव तुझ्याहून ईर्ष्यावान आहे. ती त्याची होतीच. तू अजून त्याचा नाहीस, हे त्याला सोसवेना. तो तुझ्यासाठी आला होता रे!"

बस्त्यावच्या हातून कोयता गळून पडला. त्याने बाबांच्या पायांवर डोके ठेवले आणि लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याला उठवून दाराकडे बोट दाखवले. तिथे रेमेदीन उभी होती. घाईत तिच्या केसांतली फुले गळून गेली होती.

बस्त्यावने बाबांच्या वाफ्यातली अबोली खुडली आणि सगळ्या गावादेखत तिच्या केसांत माळली. अबोलीला कधी वास नसतो. त्या दिवशी तामणपाड्यात तो सगळ्यांना आला.