डाव्या बाजूचा तंबोरा

“पण आवाज तुमचाच आहे ना, बुवा? मग तुम्हीच सांगा. या दोन अ‍ॅम्प्लिफायरांतला खरा कोणता?”

दामोदरबुवा आठल्ये भिंतीला टेकून कॉटवर पडले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“चहा झाला का तुझा?”

“झाला.”

“मग जरा बस की. आल्यापासून वायरी ओढतोयस.”

जयवंतराव मगदूम बसले. सांगलीहून कुरुंदवाडपर्यंत दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर गाडीत घालून आणायचे, एकट्याने उतरवायचे, म्हणजे गंमत नव्हती. त्यांची पाठ धरली होती.

साखर कारखान्यात मुख्य केमिस्ट म्हणून त्यांनी नोकरी केली. गाणं त्यांना येत नव्हतं, गळा नव्हताच. पण बुवांच्या शिकवणीत मागे सतरंजीवर बसून ते वर्षानुवर्षं ऐकायला शिकले. बुवा लोकांना सांगत, “माझे बाकीचे शिष्य गातात. हा एकटा ऐकतो.” या एका वाक्यावर जयवंतरावांनी अर्धं आयुष्य मिरवून घेतलं होतं. पुढे पुढे तर कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा त्यांचे स्पीकर ऐकून नाक मुरडायचे आणि मग पाणी प्यायचे.

आता मिरवायचंही त्राण उरलं नव्हतं.

समोर फरशीवर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर मांडले होते. एक जुन्या पद्धतीचा, वर काचेचे दिवे असलेला. ते तापेपर्यंत वाट बघत बसावं लागे. दुसरा बिनदिव्यांचा, काळा, उचलताना घाम काढणारा. पुण्याच्या दुकानदाराने ‘घरी नेऊन ऐका, पटेल तो ठेवा’ म्हणून दोन्ही दिले होते. याआधी घरात असे किती आले आणि किती गेले, ते विचारायची सोय नव्हती. मुलीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा जयवंतरावांनी इतकी स्थळं पाहिली नव्हती.

“खटकतं काय तुला?” बुवांनी विचारलं.

“तंबोरा.”

“कुठला?”

“आमच्याकडच्या मारव्यातला...”

तो मारवा बुवांनी जयवंतरावांच्या सांगलीच्या घरी, पुढच्या खोलीत गायला होता. फार जुनी गोष्ट. वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली होती. तंबोऱ्यावर बसणारा माणूस आलाच नाही, तेव्हा जयवंतरावांची बायको पद्मा पदर खोचून बुवांच्या डाव्या हाताला मागे बसली. लग्नाआधी ती बुवांकडे शिकत होती. मग संसार आला आणि गाणं मागे पडलं. टेप जयवंतरावांनी स्वतः केली होती. एक माइक बुवांसमोर, एक डावीकडे तंबोऱ्याजवळ.

“आलाप चांगला रंगतो,” जयवंतराव सांगू लागले. हे त्यांनी इतक्या दुकानदारांना सांगितलं होतं की शब्द आपोआप येत होते. “मग तुम्ही षड्ज लावता. आणि नेमका तिथं डावीकडचा तंबोरा बुडतो. आधी मला वाटलं टेप खराब झाली. मग माइकच्या वायरवर संशय घेतला. सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, तरी तेच. पण आवाज आत आहे, बुवा. बारीक झालाय, एवढंच. चांगला अ‍ॅम्प्लिफायर तो बाहेर काढणार. गवई गातोय म्हटल्यावर तंबोरा जाईल कुठं?”



तंबोरा थांबत नसतो. ही बुवांचीच शिकवण. तार तुटली तर उरलेल्या तारा छेडायच्या. ठसका आला तर गिळायचा. डास चावला तर चावू द्यायचा. हात चालू राहिला पाहिजे. जयवंतरावांची सगळी खटपट या एका नियमावर उभी होती.

“आणि एवढी घाई कसली रे?” बुवा म्हणाले. “आज उन्हाचं आलास.”

जयवंतराव वायरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“पद्मा परवा बेळगावला जाणार आहे. मुलीकडे.”

“परत कधी?”

“ते बोलली नाही...”

बुवांनी आता डोळे उघडले.

“भांडलात?”

“भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरत होती. मी विचारलं, काही आणायचंय का. म्हणाली, ‘जायच्या आधी तो मारवा एकदा अख्खा ऐकवा.’ तेवढंच.”

“मग ऐकव.”

“असा? बुडालेला? तिचाच तंबोरा आहे तो, बुवा. तिला तरी नीट ऐकू यायला नको?”

हे ते मनापासून म्हणाले. खोटं त्यात काही नव्हतं.

एक मात्र त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या खोलीत आता एकच खुर्ची होती. दोन्ही स्पीकरांचा आवाज जिथे सारखा भेटतो, तिथे ती बेतून ठेवलेली. वीतभर इकडेतिकडे झालं की गाणं एका बाजूला कलायचं, म्हणून दुसऱ्या खुर्चीला जागाच नव्हती. सुरुवातीला पद्मा दाराशी उभी राहून ऐकायची. मग ती स्वयंपाकघरात रेडिओ लावू लागली. हल्ली रेडिओही लागत नव्हता. घरात गाणं ऐकायची एवढी सामग्री, आणि गाणं कुणीच ऐकत नव्हतं. जयवंतरावही नाहीत. ते रोज संध्याकाळी खुर्चीत बसून तंबोरा बुडतो का, एवढंच तपासत. या सगळ्याचा त्यांना वीट आला होता, आणि सुटता येत नव्हतं.

“लाव,” बुवा म्हणाले.

जयवंतरावांनी खिशातून मोजपट्टी काढली. कॉटपासून एका स्पीकरचं अंतर घेतलं, मग दुसऱ्याचं.

“बुवा, जरा उताणे व्हाल का? दोन्ही कानांना सारखं यायला हवं.”

“उजवा कान गेला माझा.”

जयवंतराव मोजपट्टी धरून तसेच उभे राहिले.

“कधी?”

“झाला की बराच काळ.”

“बोलला नाहीत कधी.”

“तू आला नाहीस कधी.”

बुवांच्या बोलण्यात राग नव्हता. रागवायलाही उत्साह लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. ते सावकाश कुशीवर वळले, उजवा कान उशीत गेला, डावा वर आला.

“हं. एकच आहे. त्याच्यात घाल काय घालायचं ते.”

दोन कानांसाठी केलेलं यंत्र, दोन माइकांची टेप, आणि निवाडा करायला एकच कान. जयवंतरावांना परत सगळं गाडीत भरून निघून जावंसं वाटलं. पण तेवढं उचलायची ताकद नव्हती म्हणून त्यांनी दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. दिवे तांबूस झाले. मग त्यांनी मारवा लावला.

मारवा हा थकलेल्या संध्याकाळचा राग. षड्ज म्हणजे घर, आणि मारव्यात गवई घराभोवती फिरत राहतो, आत जात नाही. ऐकणारा वाट बघून कासावीस होतो. त्या खोलीत आता बुवांचा जुना आवाज भरला, रुंद आणि भरदार. ज्यांचा तो होता त्या बुवांना आता पाणी मागायलाही दोनदा हाक मारावी लागे. ते निमूट पडून ऐकत होते.

फिरून फिरून शेवटी षड्ज आला.

तंबोरा बुडाला.

“इथं...” जयवंतराव म्हणाले, आणि सवयीने हात जाऊन त्यांनी गाणं बंद केलं.

“बंद का केलंस?”

“दोष कळला ना.”

“दुसऱ्यावर लाव.”

त्यांनी वायरी बदलल्या. गुडघे टेकून, कण्हत, एकेक टोक काढून दुसरीकडे घातलं. काळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज जास्त स्वच्छ होता. बैठकीत मागे कुणीतरी चुळबूळ केली तीसुद्धा ऐकू आली. बुवांचा आवाज पुन्हा घराभोवती फिरू लागला. पुन्हा षड्ज लागला. तंबोरा पुन्हा गेला, आणि जयवंतरावांचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

बुवांनी कॉटवरूनच त्यांचं मनगट धरलं.

“राहू दे.”

हात म्हाताऱ्याचा होता, पकड मात्र सुटली नाही.

गाणं पुढे चाललं. इतक्या वर्षांत जयवंतराव या जागेच्या पलीकडे गेले नव्हते. षड्ज लांबत होता. त्याच्या खाली काही नव्हतं. मागे काही नव्हतं. नुसता एका माणसाचा सूर, आधाराशिवाय, खोलीच्या मध्यभागी उभा. मग डावीकडून, माइकच्या अगदी जवळून, एका बाईने श्वास सोडला.

त्यानंतर तंबोऱ्याची एक तार वाजली, अगदी हलकी. मग दुसरी. मग तंबोरा आधीसारखा चालू झाला.

बुवांनी मनगट सोडलं. गाणं चालूच राहिलं.

“बुवा...”

“हं.”

“तंबोरा बुडत नाही तिथं.”

“नाही.”

“तो नाहीच आहे.”

“नाही.”

“पद्माचा हात थांबला होता?”

“थांबला होता.”

जयवंतराव फरशीवरच बसून राहिले. काळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारचा बारका हिरवा दिवा त्यांच्याकडे बघत होता.

“बरं नव्हतं का तिला? की डोळा लागला?”

“तू कुठं होतास तेव्हा?”

“तिथंच. समोरच होतो.”

“काय करत होतास?”

जयवंतरावांना उत्तर माहीत होतं. कानांवर हेडफोन होते आणि नजर टेपच्या काट्यांवर. काटा लाल भागात जाऊन आवाज फाटू नये म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. एवढ्या माणसांत त्या मारव्याला त्यांच्याइतका जपणारा दुसरा कुणी नव्हता, आणि तो न ऐकलेलाही त्यांच्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

“ती ऐकत होती,” बुवा म्हणाले.

जयवंतरावांनी डाव्या स्पीकरकडे पाहिलं.

“हातात तंबोरा आहे हे विसरली.”

जयवंतरावांना एक दुपार आठवली. एक नवा अ‍ॅम्प्लिफायर आलेला, आणि त्यांनी पद्माला मुद्दाम हाक मारली होती. ‘ये, तुला दाखवतो कुठं बिघडतं ते.’ ती ओले हात पुसत दारात आली होती. षड्ज लागला, तंबोरा गेला, आणि त्यांनी विजयी मुद्रेने गाणं बंद केलं होतं. ‘बघितलंस? हाच तो दोष.’ पद्मा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली होती. ‘दोष होय,’ एवढंच म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. त्यानंतर ती दारात कधी उभी राहिली होती, ते त्यांना आठवेना.

त्यांना शरम वाटली. इतकी की मान वर करवेना.

“तिने मला सांगितलं का नाही, बुवा? एका शब्दाने सांगितलं असतं...”

“तू तिला कुठं विचारलंस? तू अ‍ॅम्प्लिफायरांना विचारत बसलास.”

बाहेर बुवांच्या सूनबाईंनी अंगणातले वाळत घातलेले कपडे काढायला घेतले होते. चिमट्यांचा आवाज येत होता. खोलीत मारवा चालू होता, आणि त्याच्या डाव्या हाताला पद्माचा तंबोरा.

“मग यातला कोणता ठेवू?” जयवंतरावांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

“दोन्हींत थांबतो ना तिचा हात?”

“थांबतो.”

“मग दोन्ही बरे आहेत.”

बुवांनी डोळे मिटून घेतले. दमले होते. जयवंतरावांनी उठायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. एक गोष्ट त्यांना अजून सुटत नव्हती. शिष्यांपैकी कुणाचा तंबोऱ्यावरचा हात नुसता मंदावला तरी बुवा भर मैफलीत मागे वळायचे आणि असे डोळे वटारायचे की पोराच्या हाताला घाम सुटायचा. हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा.

“बुवा... त्या दिवशी तुमचा षड्ज उघडा पडला होता. भरल्या बैठकीत. तुम्ही मागे वळून का नाही बघितलंत?”



“वळलो असतो,” बुवा म्हणाले, “तर तिने लगेच वाजवायला घेतलं असतं.”