थोरलीच्या कपाळावरचा दाणा

आवाजाच्या पाचपट वेगाने उडायला यानं नुकती शिकत होती, तेव्हाची गोष्ट. एका यानाच्या अंगभर आग सोसणाऱ्या फरशा होत्या. नाकावरची थोरली पूजा करून बसवलेली. पूजेतला अक्षतेचा एक दाणा लेपाखाली अडकला आणि तिथे टेंगूळ राहिलं. उड्डाणाआधी रेवण मिस्त्री सगळ्यांवरून तळहात फिरवून उंचवटे घासायचा, पण थोरलीचं टेंगूळ सोडून द्यायचा. थोरांच्या चुकीला मान म्हणतात, ही रीत तिथेही होती.

शेपटाजवळची धाकटी मात्र दर खेपेला भाजून निघायची.

"माझ्यावरून वारा रेशमासारखा जातो," थोरली म्हणाली. "तुझ्यावरच का खवळतो? खोट तुझ्यात आहे."

"घासा तिला," धाकटीची शेजारीण म्हणाली. रेवणने घासलं. धाकटी पातळ झाली आणि जास्तच भाजली.

शेवटी तिने वाऱ्यालाच विचारलं. तो ओशाळला. "पोरी, मी पुढे त्या टेंगळाला ठेचकाळतो. तिथे जरासाच हलतो, पण त्या वेगात ते हलणं मागे मागे वाढत जातं. तुझ्यापर्यंत माझे भोवरे होतात आणि वेगाने तापलेल्या माझ्या वरच्या थरातली आग खाली तुझ्यावर आणतात."

"ऐकलंत, अक्का?"

"वाऱ्याने आम्हाला शिकवू नये," थोरली म्हणाली.

पुढच्या उड्डाणात धाकटी तडकून गळून पडली. "कच्चीच होती," थोरली म्हणाली.

आता भोवरे शेजारणीवर आदळू लागले. भाजून काळी पडली, तरी कुणी विचारायच्या आधीच ती पुटपुटली, "माझंच काहीतरी चुकत असेल."