बंद पानांची प्रत

फार वर्षांपूर्वी एका वाचनालयात एकाच कादंबरीच्या दोन प्रती शेजारी शेजारी राहत होत्या. थोरली खिळखिळी, हळदीच्या डागांची, तरी लोक तिलाच घरी न्यायचे. धाकटीची छापखान्यातून कडेला जोडलेलीच आलेली पानं वाचण्यासाठी अजून कुणी कापलीही नव्हती. थोरली फिरून आली की धाकटी जळायची.

"आलीस मिरवून? आज कुणाच्या आमटीत पडलीस?"

एकदा जुन्या पुस्तकांचे पारखी मोघे आले. थोरलीला चाळून म्हणाले, "हिला भाव नाही. वाचू द्या लोकांना." मग धाकटीच्या बंद पानांवरून त्यांनी अलगद बोट फिरवलं. "ही मात्र दुर्मीळ हो. हिला कुणी वाचलेलंच नाही. काचेच्या कपाटात ठेवा आणि कुणाला हात लावू देऊ नका."

कुलूप लागलं तशी धाकटी फुगली. "ऐकलंस ना, ताई?"

"ऐकलं गं. बरं झालं," थोरली म्हणाली.

तेवढ्यात एका मुलीने थोरलीला उचललं आणि ती खिडकीपाशी वाचत बसली. मध्येच खुदकन हसली. शेवटच्या पानावर तिने डोळे पुसले.

धाकटी काचेआडून बघत राहिली. थोरली परत आल्यावर तिने हळूच विचारलं, "ताई, आपल्या गोष्टीच्या शेवटी काय होतं गं?"