दादरा बांधलेली बरणी

भांडीकुंडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. द्वारकाकाकूंच्या कोठीत कैऱ्या उतरवायचा एक झेला खुंटीला टांगलेला असे. लांब काठी आणि टोकाला सुतळीची जाळी. वैशाखातले पंधरा दिवस त्याची झाडावर मजा, मग वर्षभर धूळ खायची. समोरच्या फळीवर मुरांब्याची बरणी बसलेली. तिला पाहून त्याचा जीव जळे.

"कैऱ्या काढायच्या मी, आणि वर्षभर पोटाशी धरून बसायचं तू! माझ्या जाळीत त्या क्षणभरच."

बरणी गप्प. तोंडाला फडक्याचा दादरा करकचून बांधलेला, बोलणार कशी?

पौषात काकूंनी दादरा सोडला. गुळाचा, वेलदोड्याचा वास कोठीभर पसरला. झेला कासावीस झाला. "यात माझी कैरी कुठंय गं?"

"मलाच तुला विचारायचं होतं रे," बरणी म्हणाली. "माझ्याकडे ती किसून, शिजून येते. देठाशी चीक, पाठीवर ऊन, अशी कैरी मी कधी पाहिलीच नाही. कशी असते?"

तेवढ्यात काकूंनी वाटीभर मुरांबा काढून दादरा पुन्हा बांधला. बरणीचं बोलणं थांबलं, पण तिला ऐकू येत होतं.

वैशाख येईपर्यंत झेला सांगत राहिला.