पिवळ्या सापळ्याचे पाहुणे

झाडापानांना वाचा होती आणि पॉलीहाऊसं नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

द्रुपदाक्कांच्या पॉलीहाऊसमध्ये जरबेऱ्याचं एक पिवळंधमक फूल उमललं. शेजारीच किडे पकडायचा चिकट सापळा टांगलेला होता, तोही तेवढाच पिवळा. पांढरी माशी आली की सरळ त्याच्यावर जाऊन बसायची.

फुलाच्या पोटात दुखायला लागलं. "रंग माझ्यासारखाच, पण पाहुणे सगळे तुझ्याकडे. आणि आलेला एकही उठत नाही."

"तुझ्याच भल्यासाठी बोलावतो रे," सापळा म्हणाला. फुलानं तोंड फिरवलं.

किड्यांनी सापळा भरला, तसा अक्कांनी तो उतरवला. नवा बाजारातून आणायचा होता. फूल खुलून म्हणालं, "या, आता इथंच या."

माश्या आल्या, पानांखाली दाटीवाटीनं बसल्या आणि रस प्यायला लागल्या. पानं पिवळी पडली, फुलाची मान कलली.

आठवड्यानं अक्का नवा सापळा घेऊन आल्या. "पार मलूल झालंस की रे," म्हणत त्यांनी तो टांगला.

नवा सापळा बुजत म्हणाला, "तुझ्याकडे केवढी वर्दळ. माझ्याकडे येईल का कुणी?"

"सगळे ने," फूल म्हणालं. "मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही."