बर्णबाची हाक

प्रभू येशूचे भक्त प्रेमदास महाराज त्या वर्षी खडकसांगवीला मुक्कामाला होते. अंगात भगवी कफनी, हातात एकतारी, आणि चर्चच्या पडवीत अंथरलेली एक घोंगडी, एवढाच त्यांचा संसार.

गावातला बर्णबा रोज पहाटे त्यांच्याकडे येई. तो विहिरीच्या कामावर यारी चालवी, म्हणजे चाक फिरवून दगडमातीची बादली वर ओढी. अंगात बैलाचे बळ होते, पण बोलायला लागला की पहिल्याच अक्षरावर जीभ अडे. पस्तिशी उलटली तरी चारचौघांत त्याने कधी तोंड उघडले नव्हते. महाराज त्याच्याकडून एक छोटी प्रार्थना मोठ्याने म्हणवून घेत. सहा महिन्यांत ती त्याला पडवीत नीट म्हणता येऊ लागली.

मग एका रविवारी महाराजांनी त्याला सर्वांपुढे उभे केले. "प्र... प्र..." पुढे काही येईना. मंडळी खाली मान घालून बसली. पहिल्या रांगेत याकोबराव मुकादम होते. चर्चचे पंच, आणि बर्णबा ज्या विहिरीवर राबे तिचे ठेकेदार. ते हसून म्हणाले, "अरे, निदान आमेन तरी म्हण, म्हणजे आम्ही जेवायला जाऊ."

हशा पिकला. बर्णबा तडक बाहेर निघून गेला.

संध्याकाळी महाराज त्याच्या घरी गेले. तो चुलीपुढे बसून होता. अडखळत म्हणाला, "म... महाराज, आता पुरे. माझ्यानं व्हायचं नाही."

महाराज म्हणाले, "आज अडलास याचं मला दुःख नाही, बाळा. पळालास याचं आहे. जिथं शब्द अडतो तिथंच थांबत जा. प्रभू तुझ्याजवळ तिथंच उभा असतो."

बर्णबाने चुलीतले लाकूड आत सारले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो पडवीत आला, प्रार्थना म्हणाला आणि कामावर गेला. महाराज एका आजारी म्हातारीला भेटायला दोन कोसांवरच्या वस्तीकडे निघाले.

विहीर पन्नास फूट खोल गेली होती. खाली मुकादम आणि शिवा नावाचा गडी पहारीने कातळ फोडत होते. बर्णबाचा जोडीदार पाणी आणायला गेला होता, त्यामुळे वर तो एकटाच होता. त्याचे लक्ष समोरच्या काठाकडे गेले. मातीत बोटभर रुंद चीर पडली होती. बघता बघता ती वितभर लांबली आणि तिच्यातून बारीक माती खाली झरू लागली.

तो वाकून ओरडला, "द... द... द..."

दरड हा शब्द काही केल्या सुटेना. खाली पहार थांबली. मुकादमांचा आवाज वर आला, "ऐक रे शिवा, बर्णबाचा उपदेश सुरू झाला." आणि पहार पुन्हा कातळावर पडू लागली.

जोडीदाराला बोलवायला धावावे, तर तेवढ्यात घात होईल. बर्णबाचे पाय मात्र पळायलाच बघत होते. चीर आणखी फाकली. त्याने यारीचा खांब घट्ट धरला, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, 'प्रभो, मी इथंच थांबलोय. तू ये.'

कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तशी ऊब त्याला जाणवली. त्याच्याच तोंडून घंटेसारखा खणखणीत आवाज निघाला: "मुकादम, दरड सुटलीय. वर बघा. शिवाला आधी बादलीत बसवा."

एक अक्षरही अडले नाही. मुकादमांनी वर पाहिले आणि शिवाला बादलीत बसवले. शिवा वर आला. बादली पुन्हा खाली गेली. बर्णबा चाक फिरवत होता आणि समोर ढेकळे निखळत होती. मुकादमांनी काठावर गुडघे टेकले मात्र, तोच समोरचा सगळा काठ गडगडत विहिरीत गेला. खालच्या पहारीही दिसेनाशा झाल्या.

दुपारी महाराज परतले ते थेट विहिरीवर आले. त्यांच्याबरोबर आलेला म्हातारीचा मुलगा सांगू लागला, "सकाळी बोलता बोलता महाराज एकदम गुडघ्यांवर बसले. म्हणाले, आमच्या बर्णबाला आत्ता शब्द हवेत. बराच वेळ तसेच बसून होते."

वेळ जुळवून पाहिली, तर तीच! मुकादम महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवले. "माझ्या पाया पडू नका. आभार प्रभूचे माना आणि क्षमा या बर्णबाची मागा."

मुकादम वळले. ज्याची थट्टा करून त्यांनी गावाला हसवले होते, त्याच्यापुढे ते वाकले. बर्णबाने गडबडून त्यांचे हात धरले. "अ... अहो, न... नका." जीभ पुन्हा पहिल्यासारखीच अडत होती. पण या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

पुढच्या रविवारी तो आपणहून प्रार्थनेला उभा राहिला. पहिलाच शब्द अडला. चर्चमध्ये कुणी हसले नाही. बर्णबा थांबला, पण जागचा हलला नाही. पहिल्या रांगेत याकोबराव मुकादम हात जोडून, डोके झुकवून, त्याचा शब्द येण्याची वाट पाहत होते.